दुबई व्हाया सासरेबुवा

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. गुवाहाटी मुंबईपासून दुबईपेक्षा लांब आहे. पण गुवाहाटीला निघालेल्या माणसाला कोणी 'विमानाला किती वेळ लागतो?' असं खोदून खोदून विचारत नाही. दुबईला निघालेल्याला विचारतात. त्यातून विचारणारे सासरे असले आणि एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले असले, तर वेळापत्रकाची सुनावणीच लागते.

माझ्या मेव्हणीकडे जायचं ठरलं. तिकिटाची प्रिंट चष्म्याजवळ धरून सासरे म्हणाले, "जावईबापू, पहाटे साडेचारला सुटतं, सव्वासहाला पोचतं. पावणेदोन तास. आणि येताना दुपारी एकला निघून साडेपाचला? येताना वाटेतल्या गावांचे पॅसेंजर घेतात का?"

दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, हे मी सांगितलं. म्हणजे जाताना सव्वातीन तास आणि येताना तीन.

"मग पाव तास कुठे गेला?"

तो वाऱ्यात गेला. तिकडे उंचावर वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात तर जोरात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. हे त्यांना पटलं. घाट चढायचा आणि उतरायचा वेळ कधी सारखा नसतो, म्हणाले. पण लगेच कॅलेंडरच्या मागे भागाकार सुरू. "ताशी सहाशेसुद्धा पडत नाही. विमान तर आठशे-नऊशेनं जातं म्हणतात!"

मी म्हटलं, छापलेल्या वेळेत जमिनीवरून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर पुन्हा रांगत जागेवर येणं, सगळं धरलेलं असतं.

"म्हणजे फलाट ते फलाट! बरोबर आहे. तसंच धरायला हवं." विमान कंपनीला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शेरा मिळाला.

विमान साडेचारला, विमानतळावर तीन तास आधी, घाटात ट्रक आडवा झाला तर, टायर पंक्चर झालं तर, असे सगळे 'तर' जमेस धरून त्यांनी पुण्याहून संध्याकाळी सहाला गाडी काढायला लावली. ट्रकही आडवा झाला नाही आणि टायरही धड राहिलं. त्यामुळे विमानतळावर काउंटर उघडायच्या आधी आम्ही चिवड्याचा डबा संपवला. दुबईत मेव्हणीच्या दारात पोचलो तेव्हा तिथे सकाळचे आठ. सासऱ्यांनी चप्पल काढायच्या आधी हिशेब पुरा केला: पुण्यातल्या दारापासून इथल्या दारापर्यंत साडेपंधरा तास, अंतर दोन हजार ऐंशी किलोमीटर.

"ताशी 134," त्यांनी लेकीला सांगितलं. कशी आहेस वगैरे नंतर. "एवढ्यासाठी एवढं तिकीट?"

बुर्ज खलिफा त्यांनी खालून, मान न दुखवता जेवढा दिसेल तेवढा पाहिला.

परतीला वारा इतका मेहेरबान होता, की विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी टेकलं आणि जागा रिकामी नाही म्हणून मधेच उभं राहिलं. आजूबाजूची मंडळी पट्टे सोडून उठली, मोबाइलवर करवादू लागली. सासरे मात्र खिडकीला नाक लावून खूश.

"फलाट लागला नाही!" ते म्हणाले. "कंट्रोलरची चूक नाही हो यात. वेळेआधी आणायला ड्रायव्हरला सांगितलं होतं कोणी?"