तळाशी ५६ दिसलं म्हणून सायकल १९५६ची होत नाही

"घरातली जुनी रेसिंग सायकल भंगारात देऊ नका, ती लाखाची इटालियन असू शकते!" हा फॉरवर्ड मला आतापर्यंत चार ग्रुपांतून आलाय. त्यातल्या खुणा अशा: चुंबक चिकटला नाही तर अस्सल, तळाच्या नंबरातले शेवटचे दोन अंक म्हणजे साल, इटालियन नावाचं स्टिकर बघा, कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचे पार्ट असले तर खात्रीच समजा. पुढे उपायही आहेत. सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारा, अडकलेला सीट पाइप गरम करून ठोका, सायकल नवी. यातलं भंगारात देऊ नका एवढं मला पटतं. बाकीचं वाचून कोणी कामाला लागायच्या आत हे लिहितोय, कारण नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी अशीच एक सायकल दोन वर्षं जिन्याखाली उलटी टांगलेली होती आणि यातल्या निम्म्या चुका मी स्वतः करून बसलोय.

चुंबकाचं आधी उरकून टाकू. त्या काळच्या इटालियन रेसिंग फ्रेमा बहुतेक कोलंबस कंपनीच्या नळ्यांच्या. त्यातली गाजलेली एसएल नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची आहे आणि पोलादाला चुंबक चिकटणारच. नाही चिकटला तर ती फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. तशाही इटलीत बनत, अ‍ॅलनच्या प्रसिद्ध आहेत. पण फॉरवर्डमधले फोटो लोखंडी सायकलींचे आहेत. म्हणजे ही चाचणी लावली तर ज्या वाचवायच्या, नेमक्या त्याच भंगारात जातील.

आता नंबर. फॉरवर्ड वाचून शेजारच्या काकांचा फोन आला, "अरे, माझ्या सायकलीच्या खाली ५६ कोरलंय बाप्पा, म्हणजे १९५६ची!" मी टेप घेऊन गेलो. पायडलच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजलं. बरोबर ५६ सेंटिमीटर. बऱ्याच इटालियन कारागिरांनी सिरियल नंबर टाकलाच नाही, फक्त फ्रेमचं माप ठोकलं. काकांचा चेहरा उतरला, पण माप खोटं बोलत नाही.

साल काढायचं तर दुसरीकडे बघा. कॅम्पाग्नोलोच्या 'नुओवो रेकॉर्ड' मॉडेलच्या मागच्या गिअरवर 'पेटंट-७२' असं काहीतरी कोरलेलं सापडतं, त्यातला आकडा साधारण त्या पार्टचं साल सांगतो. मागचं चाक बसतं त्या चिमट्यातलं अंतर १२० मिलिमीटर असेल तर मागे पाच दातेरी चाक्यांचा जमाना, १२६ असेल तर सहा-सात चाक्यांचा. चिमटा नंतर कोणी फाकवलेला नाही ना, तेवढं बघून घ्यायचं.

'पार्टचं साल' असं मी मुद्दाम म्हटलं. पार्ट बदलता येतात आणि कॅम्पाग्नोलो जगभर जात होतं. इंग्लंडच्या रॅलेच्या महागड्या रेसर, अमेरिकेची श्विन पॅरामाउंट, सगळ्यांवर हेच पार्ट असत. उलट ऐंशीच्या दशकात बियांकी या इटालियन कंपनीच्या नावाने विकलेल्या काही सायकली जपानात बनलेल्या आहेत. तेव्हा नावही पुरत नाही आणि पार्टही पुरत नाहीत.

स्टिकरचा किस्सा माझाच आहे. माझी सायकल काळ्या डुकोने रंगवलेली होती आणि त्यावर कोल्नागो या इटालियन कंपनीचा किलवर एक्का झोकात चिकटवलेला. तो नखाने उचलला तर अख्खा निघून आला, खाली काळाच रंग. म्हणजे स्टिकर रंगापेक्षा नवं. ओळख पटली ती सीटच्या बोल्टमुळे. एरवी सीट आवळायचा बोल्ट नळीच्या मागे असतो, हिचा पुढे, आडव्या नळीच्या जोडात होता. ही लेन्यानो या इटालियन कंपनीच्या जुन्या सायकलींची खूण. १९४० मध्ये वीस वर्षांच्या फाउस्टो कोप्पीने इटलीची मोठी शर्यत, जिरो, जिंकली ती याच कंपनीच्या संघातून. पायडलच्या नळीखाली थिनरच्या बोळ्याने रुपयाएवढी जागा घासली, तर काळ्याखालून पोपटासारखा हिरवा वर आला. तोच लेन्यानोचा रंग. स्टिकर कोणीही छापून आणेल, पण बोल्टची जागा बदलायची तर फ्रेमच कापावी लागेल.

पक्क्या खुणा अशाच जागी असतात. पायडलचा एक्सल बसतो ती आडवी नळी, म्हणजे बीबी, इंग्लिश सायकलीत ६८ मिलिमीटर रुंद असते, इटालियनमध्ये ७०. आटेही वेगळे. इंग्लिशमध्ये एक्सल धरणाऱ्या उजव्या कपाचे आटे उलटे, इटालियनमध्ये दोन्हीकडचे सुलटे. (निर्यातीसाठी काही इटालियन फ्रेमांनाही इंग्लिश आटे पाडलेले आहेत, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.) हे मला माहीत होतं, माझी सायकल खोलणाऱ्या मिस्त्रीकाकांना नव्हतं.

"अरे भाऊ, उजवा कप उलटाच खुलते, चाळीस वर्षं झाले मले," असं म्हणत त्यांनी पान्यावर पाइप चढवला आणि जोर लावला. कप खुलायचा सोडून आणखी आवळला गेला. मी तोंड उघडेपर्यंत कर्र आवाज झाला. ते थांबले, पाना काढला, बोटाने कपाची कड चाचपली आणि म्हणाले, "हे तं उलटंच हाय." नशीब, फ्रेमचे आटे वाचले, कपाचा एक खाचा गेला. मिस्त्रीकाकांचा तरी काय दोष, आपल्याकडच्या सायकली इंग्लिश वळणाच्या.

रंगाकडे वळू. पावडर कोटिंगच्या भट्टीत साधारण २०० अंश तापमान असतं. त्याने पितळी जोडांना काही होत नाही, ती भीती उगाच. भीती आहे ती वाळूची. एसएलची नळी टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर जाड असते. त्यावर बंगल्याचं गेट साफ करतात तशी वाळू मारली की जोडांच्या कानशी लावून काढलेल्या कडा बोथट होतात, आटे झाकले नसतील तर तेही जातात, आणि वरून जाड पावडर बसली की उरलीसुरली कोरीव खूण बुजते. आणि माझा तो हिरवा रंग? ज्याच्यामुळे सायकल ओळखली, तोच आधी उडाला असता. फोटो काढल्याशिवाय, मापं घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

गंज नळीच्या आत असतो, बाहेर नुसता दिसतो. त्याला आपल्या विदर्भातलं जवस पुरतं. रंगाच्या दुकानात बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मागा, नळ्यांत ओता, फ्रेम सगळीकडून फिरवा, दोन दिवस निथळू द्या. तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो. नागपूरच्या मे महिन्यात तर त्याला निमित्तही लागत नाही. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

राहिला अडकलेला सीट पाइप. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पोलादी नळीत वर्षानुवर्षं राहिला की मधे पांढरा क्षार धरतो, फुगतो आणि घट्ट बसतो. 'गरम करून ठोका' हा सल्ला इथे उलटा पडतो, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गार केल्यावर ते तितकंच जास्त आकसतं, म्हणून उपाय गारव्याचा. मी फ्रेम उलटी करून बीबीतून गंज सोडवायचं तेल सोडलं, रोज थोडं, सहा दिवस. सातव्या दिवशी फ्रेम सुलटी केली, पाइपाच्या पोकळीत गोळेवाल्याकडून आणलेला बर्फाचा चुरा ठासला, पाइपाचं डोकं बाकावरच्या शिकंजात धरलं आणि फ्रेमच हँडलसारखी फिरवली. टक् असा बारीक आवाज आला आणि पीठ लागल्यासारखा पांढराफटक पाइप वर सरकला.

शेजारच्या काकांनी परवा विचारलं, "मग माझी लाखाची आहे की नाही? विकू का?" मी म्हटलं, काका, आधी सीट हलते का ते बघा.