जुन्या मालिका चांगल्या होत्या, पण त्या आहेत कुठे?

'तेव्हाच्या मालिका आणि आताच्या मालिका' हा वाद आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून पेटतोच. कुणीतरी 'गोट्या'चं शीर्षकगीत टाकतं, कुणी 'वादळवाट'चं, आणि मग ठरलेली वाक्यं सुरू होतात. तेव्हा संस्कार होते, आता नुसती कारस्थानं. तरुण मंडळी म्हणतात, तेव्हा दुसरं काही बघायलाच नव्हतं, म्हणून तुम्हाला सगळं गोड लागलं. ब्रिटनमध्ये बसून मी हे वाचते तेव्हा दोन्हीकडचं म्हणणं अर्धवट वाटतं.

संस्कारांचंच बघा. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिकेला बहुतेकदा १३ भागांची मंजुरी मिळे, आणि भाग आठवड्यातून एकच. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असायचा आणि संवाद घासूनपुसून घ्यायला वेळ मिळायचा. आता मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. जी गोष्ट संपवायचीच नसते, तिच्यात कारस्थानं येणारच. लेखकांची नीतिमत्ता घसरली म्हणून ती आलेली नाहीत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली आली, तीही खासगी वाहिनीवर. तरी ती जुन्या चांगल्या मालिकांच्या पंगतीत बसते, कारण ती आठवड्याला एकदाच यायची आणि प्रत्येक भागाचं म्हणणं त्याच भागात पुरं व्हायचं. घरातले आजोबा म्हणजे आबा रोजनिशी लिहायला बसायचे, मुलगा शेखर आणि सून श्यामला यांची कुरबुर आणि नातू शिऱ्याचे उद्योग त्यांच्या चार ओळींत उतरायचे, आणि भाग मिटायचा. एवढ्या लहानशा युक्तीने त्या घराला स्वतःचा आवाज दिला होता.

इथेही हेच दिसतं. ब्रिटिश लोक ज्या 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेवर अजून जीव टाकतात, तिचे एकूण भाग फक्त १२. सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली. दुसरीकडे 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही न संपणारी कौटुंबिक मालिका डिसेंबर १९६० पासून आजतागायत चालू आहे. दोन्हींना प्रेक्षक आहेत, दोन्हींना मान आहे. आपल्याकडे मात्र छोट्या, संपणाऱ्या मालिकेची जागाच वाहिन्यांवरून उठली. हळहळायचं असेल तर त्यासाठी हळहळावं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपण ज्या मालिकांवरून भांडतो, त्यांतल्या कितीतरी आज कुणाला सलग पाहताच येत नाहीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ याच केंद्राने घराघरांत पोचवले. 'गजरा' या विनोदी छोट्या नाटुकल्यांच्या कार्यक्रमाने तर नाट्यवेड्या मंडळींची एक पिढी पुढे आणली. यांतलं काहीच मला पहिल्या भागापासून क्रमाने बघायला मिळालेलं नाही; हाती लागतात ते तुकडे. टेपा पुसून त्यांवरच नवं चित्रण व्हायचं, हे तिथे काम केलेल्या मंडळींनीच वेळोवेळी सांगितलं आहे.

यात आपण एकटे नाही. बीबीसीनेही १९७८च्या सुमारापर्यंत हेच केलं. टेप महाग, ठेवायला जागा नाही, आणि कलाकारांच्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा. मग जपायचं कशाला, असा हिशेब होता. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. पुढे मात्र इथल्या लोकांनी हे मनाला लावून घेतलं. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती शोधल्या, आणि नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले नऊ हरवलेले भाग २०१३ साली जाहीर झाले. ज्या भागांचं चित्र हाती नाही त्यांचा आवाज तरी आहे, कारण तेव्हाच्या चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता.

मालिका सलग समोर असली की आठवणीही ताळ्यावर येतात. जुनी ब्रिटिश विनोदी मालिका आज बघताना मी हसते, आणि परक्यांवरच्या एखाद्या विनोदाला थबकतेही. जून २०२० मध्ये 'फॉल्टी टॉवर्स'चा एक भाग एका ऑनलाइन सेवेवरून काढला गेला आणि टीका झाल्यावर सूचनेसह परत आला. त्यावर लोक कडाडून भांडले, पण तो भाग समोर ठेवून. आपल्या जुन्या मालिकांतही बोचणारं बरंच असेल. कुणाची घरं दिसली, कुणाची कधीच दिसली नाहीत, बायकांच्या तोंडी काय घातलं, हे तपासावंसं वाटतं. नुसत्या शीर्षकगीतावरून ते कसं तपासणार?

२८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा दाखवलं गेलं तेव्हा घरोघरी लोक बसले, कारण ते जपलेलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने 'वेव्हज' हे ओटीटी व्यासपीठ आणलं, त्याचंही मला मनापासून कौतुक आहे. मराठी कार्यक्रमांसाठी तिथे आग्रह धरायला हवा. काय शिल्लक आहे आणि काय गेलं, याची यादी तरी लोकांसमोर यावी.

आणि इथे परदेशातल्या मराठी घरांचं काम सुरू होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भारतातून येणारं माणूस टीव्हीवरून उतरवलेल्या व्हीएचएस कॅसेटी घेऊन यायचं. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे टीव्हीच्या चित्रासाठी पाल ही एकच पद्धत असल्यामुळे त्या इथे जशाच्या तशा चालत. अमेरिकेत एनटीएससी ही वेगळी पद्धत असल्याने रूपांतर करून घ्यावं लागे. त्या कॅसेटी अजून कुणाच्या तरी माळ्यावर असतील. साधी दिसणारी कॅसेट एखाद्या भागाची एकुलती एक प्रतही असू शकते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी २०१६ साली थांबली आणि टेपेवरचा चुंबकी थर दर वर्षी कमकुवत होत जातो, म्हणून या कॅसेटी जपण्याचं काम लवकर करायला हवं. घर आवरताना कॅसेटी टाकू नका. बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या. कुठला कार्यक्रम, साधारण कुठलं वर्ष, कुणी उतरवला, हे आई-वडिलांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद कॅसेटीसोबत ठेवा. मधल्या जाहिराती कापू नका, त्यांवरूनच बरेचदा तारीख लागते.