‘मराठी बिल मागून आठ महिने झाले’: निपाणीच्या दुकानदारांना आमचं उत्तर

नमस्कार मालक,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "मराठी बिल मागून आठ महिने झाले, दर वेळी 'होईल' म्हणता. एका ओळीचं काम. तेवढ्यात डार्क मोड आला, तो कुणी मागितला होता?" बिलिंग अ‍ॅप आमचं, तेव्हा उत्तर मीच देतो.

डार्क मोड कुणीच मागितला नव्हता म्हटलं तरी चालेल. आमच्या पोराचं अर्ध्या दिवसाचं काम, म्हणून पुढे घुसलं. कामांची रांग लावताना आम्ही बघतो, किती दुकानांना लागेल, त्यांना फरक किती पडेल, आपला अंदाज कितपत पक्का. या तिन्हींचा गुणाकार, भागिले मेहनत. सॉफ्टवेअरवाले या हिशेबाला 'राइस' म्हणतात. (बेळगावात राइस म्हटलं की बासमतीच आठवतो, ते असो.) खोट अशी की मेहनत कमी असली की फालतू कामही वर येतं.

सप्टेंबर 2025 मध्ये मात्र इलाज नव्हता. 3 तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर आणि 22 ला, ऐन घटस्थापनेला, लागू. साबण-शाम्पू 18 वरून 5 टक्क्यांवर, तूप 12 वरून 5 वर. अ‍ॅपमधले दर आधी बदलणं भागच होतं, तिथे कसली रांग नि कसला हिशेब!

आणि मराठी बिल एका ओळीचं काम नाही हो. स्वस्तातल्या दोन इंची प्रिंटरांत बहुधा देवनागरी नसतेच, नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. एकात होती, तर 'किलो'ची वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसली आणि 'ज्वारी'चा ज मोडून पडला. म्हणून अख्ख्या बिलाचं चित्र करून पाठवावं लागतं, आणि ब्लूटूथवरून लांब बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं.

तरी आमची चूक आहेच, आणि ती वेगळीच. तुमची मागणी वहीत "मराठी बिल" म्हणून लिहिली. खानापूरच्या एकांनी "मालाची नावं मराठीत टाकता यावीत" सांगितलेलं, अथणीच्या एकांनी "कन्नड बिल द्या". तीन ओळी, प्रत्येकीपुढे एकेक दुकान, म्हणून तिन्ही तळाला. तुमचा रिव्ह्यू वाचून परवा वही उघडली तेव्हा ध्यानात आलं, तिघांचं दुखणं एकच आहे: गिऱ्हाइकाला बिल वाचता येत नाही. चित्र छापता आलं की कन्नडही त्यातच निघतं. तिन्ही ओळी एक केल्या आणि काम यादीत सगळ्यात वर गेलं. हे आठ महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. आणि फोनवर "होईल की" म्हणत राहिलो, तेही चुकलं. "सध्या नाही" असं सरळ सांगायला पाहिजे होतं.

तीन इंची प्रिंटरवर चाचणी चालू आहे, दोन इंचीचा वेग अजून मनासारखा नाही. तारीख आत्ता देत नाही. तुमच्या प्रिंटरखालच्या स्टिकरचा आणि दुकानातल्या सगळ्यात लांब बिलाचा फोटो तेवढा अ‍ॅपमधल्या मदतीच्या बटणावरून पाठवा. तसलाच प्रिंटर आणून तेच बिल आधी छापून बघतो.