आमची काही हरकत नाही, पण…

एजंटला पहिल्याच फोनवर कुत्र्याबद्दल सांगून टाकणं हा नवशिक्यांचा उतावळेपणा. एजंटच्या प्रश्नांचा एक क्रम ठरलेला असतो, तो आपण मोडू नये. फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, नोकरी कुठल्या कंपनीत, गाडी दोनचाकी की चारचाकी. या सगळ्यातून पार पडलात, त्याच्या स्कूटरमागे कोथरूडच्या चार गल्ल्या हिंडलात, तीन मजले चढलात, बाल्कनीतून दिसणारी टेकडी बघून 'वा' म्हणालात, की मग जिना उतरता उतरता, खिशातला रुमाल काढावा तितक्या सहज म्हणा, "आमच्याकडे एक छोटी कुत्री आहे." यातला 'छोटी' हा शब्द गाळू नका. कुत्री अठरा किलोंची असली तरी छोटीच.

एजंट किल्ल्यांचा जुडगा हातात धरून दोन पायऱ्या खाली थबकेल आणि विचारेल, "ब्रीड कोणती, सर?"

इथे 'गावठी' म्हणू नका. मी म्हणालो होतो. आमची शकू कर्वेनगरच्या एका चौकात, भर पावसात, भाजीवाल्याच्या हातगाडीखाली सापडलेली. पिवळट रंग, एक कान उभा, एक पडलेला. हे सगळं मी कौतुकाने सांगितलं. "लॅब असती तर बोललो असतो मालकांशी," एजंट म्हणाला. आता लॅब्राडोर म्हणजे तीस किलोंचा ऐवज. शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचे चार कप जमिनीवर, आणि केस बाराही महिने सोफ्यावर. पण त्याला पैसे मोजावे लागतात, म्हणून तो घरंदाज. रस्त्यावर फुकट मिळालेल्या जिवाला कोथरूडात टू बीएचके मिळणं अवघडच. तेव्हा 'इंडी' म्हणा. अर्थ तोच, पण ऐकणाऱ्याला वाटतं की कुठूनतरी मागवलेली असावी.

पुढचा प्रश्न, "नॉनव्हेज खाते का?" त्यावर "दहीभात खाते" असं सांगा. खोटं नाही. शकू दहीभात खाते. बाकी काय काय खाते ते कोणी विचारत नाही.

आता घरमालकांकडे वळू. एक गोष्ट आधीच समजून घ्या, संपूर्ण पुण्यात तुम्हाला कुत्र्याला नाही म्हणणारा एकही घरमालक भेटणार नाही. "आमची काही हरकत नाही हो," ते म्हणतील, "आमच्याकडेसुद्धा वाड्यात मोत्या होता. पण सोसायटीचं जरा…" तुम्ही सेक्रेटरींना गाठाल. ते संध्याकाळचं पाणी सोडून परत येत असतील. "सोसायटीची काय हरकत असणार? ओनरचं पत्र आणा." ओनर म्हणतील, सोसायटीची एनओसी आणा, मग मी पत्र देतो. असं तीन आठवडे चालू द्या. यात चालणं होतं, ओळखी होतात.

मराठी माणसाला 'मला नको' म्हणवत नाही, हे यामागचं खरं कारण. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा आपण 'पत्रिका जुळत नाही' म्हणतो. घरमालकाची सोसायटी म्हणजे ती पत्रिका. गंमत अशी की हे सौजन्य त्यांच्याच अंगाशी येऊ शकतं. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सरळ सांगतात की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही. जात किंवा आकार बघूनही नाही. लिफ्टमध्ये मनाई करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशी बंदी घालणारे नियम बेकायदा ठरवले. म्हणजे मालक 'सोसायटी नको म्हणते' म्हणाले की तुमच्याकडे उत्तर आहे. पण ते 'घर माझं, मला नको' म्हणाले असते तर या सूचना तुमच्या काही कामाच्या नव्हत्या, कारण त्या सोसायट्यांसाठी आहेत. बिचारे तेवढंच म्हणत नाहीत.

तेव्हा त्या सूचना छापून घ्या, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करा आणि पहिल्याच भेटीत मालकांपुढे ठेवा. मी ठेवल्या. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, "अभ्यास चांगला आहे तुमचा" असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ते घर त्यांच्या भाच्याला लागणार असल्याचं कळलं. कायद्याची बाजू भक्कम असली की भाचा हमखास येतो.

भाचा नसलेला मालक हवा असेल तर परदेशातला शोधा. आमचे घरमालक काका-काकू सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे असतात. बोलणी व्हिडिओ कॉलवर झाली, रात्री अकराला. तिकडे काका दुपारचा चहा घेत होते. भाडं 26,000, तीन महिन्यांचं डिपॉझिट. "आणि कुत्रीचे दोन हजार वेगळे. पेट चार्ज."

"काका, पेट चार्ज नक्की कशाचा?"

"त्रासाचा."

"कोणाला होणाऱ्या?"

"मला."

"पण तुम्ही तर तिकडे आहात."

"म्हणून दोन म्हणतोय. तिथे असतो तर तीन म्हटले असते."

वर त्यांनी माहितीही दिली. त्यांचा चिरंजीव तिकडे एका मांजरापायी दरमहा पन्नास डॉलर भरतो. पेट रेंट म्हणतात त्याला. सगळं कसं लीजमध्ये छापलेलं असतं. मी उत्साहाने म्हणालो, "मग आपणही करारात लिहू या." काका म्हणाले, "छे, छे. तिथली गोष्ट वेगळी."

अशा वेळी घासाघीस करू नये. भाव पडतो तो तुमच्या कौशल्याने नाही, तुम्हाला माहीत नसलेल्या कौटुंबिक कारणांनी पडतो. काका मुद्दा रेटत होते तेवढ्यात काकू पडद्यात आल्या. "कुत्रीचं नाव काय म्हणालात?"

"शकू. शकुंतला."

काकू एकदम गप्प झाल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की मोबाइल टेबलावर उपडा पडला आणि मला काही वेळ नुसता काळोख आणि हसू ऐकू आलं. शकुंतला हे त्यांच्या नणंदेचं, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचं नाव. काका हसले नाहीत. "पंधराशे," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "पंधराशेच घ्या हो."

तेव्हा कुत्र्याचं नाव ठेवण्याआधी होणाऱ्या घरमालकिणीच्या सासरची माहिती काढून ठेवावी, हा माझ्या अनुभवातला सगळ्यात किफायतशीर सल्ला. महिन्याला पाचशे रुपये वाचतात.

यापुढचा टप्पा कराराचा. करार करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. तुम्ही स्वतःला भाडेकरू समजत असाल तर पहिल्या पानावरच तो गैरसमज दूर होतो. तुम्ही 'परवानाधारक'. 1882 चा सुखाधिकार कायदा सांगतो की परवान्याने घरात तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही. एरवी जे घुसखोरी ठरलं असतं, ते करायची तात्पुरती मुभा मिळते एवढंच. मुदत 11 महिने. अकराच का, तर वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागत नसे, त्या काळातली सवय. महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून लिव्ह अँड लायसन्स एका महिन्याचं असलं तरी लेखी आणि नोंदणीकृत हवं, पण अकरा काही सुटत नाही. शकूलाही परवाना लागतो, महापालिकेचा. तिचा वर्षाचा असतो. आमच्या घरात जास्त मुदतीचा परवाना कुत्रीकडे आहे, आणि ती तसं वागतेही.

यात मनाला लावून घेऊ नका. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी काकांकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. म्हणजे आम्हाला ठेवल्याबद्दल काका भरतात, शकूला ठेवल्याबद्दल आम्ही. शकूच्या अंगावर गोचीड असतो, तो तेवढा कोणाला काही देत नाही.

मुलाने कलमं वाचायला सुरुवात केली. ज्वालाग्राही पदार्थ ठेवू नयेत, भिंतींना खिळे ठोकू नयेत, "कोणतेही पाळीव प्राणी ठेवू नयेत." शकू या वेळी टेबलाखाली त्याच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपलेली होती.

"हे काढा," मी म्हणालो.

"ते टेम्प्लेटमध्येच असतं, सर. सगळ्यांच्यात असतं." खाली वाकून त्याने तिचा पडलेला कान कुरवाळला आणि त्याच हाताने माझा अंगठा मशीनवर दाबला. ठसा येईना. "केसांवर घासा, सर, तेल लागतं." मी घासला. शकूने डोकं वर करून मशीन हुंगलं. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला.

कलमाबद्दल मी काकांना फोन केला, तर ते दुखावले. "आपलं बोलणं झालंय ना?" आता यापुढे वाद घालणं म्हणजे वडीलधाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणं, तेव्हा लेखी काही मागू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 म्हणतं की लेखी करारात जे आहे तो निर्णायक पुरावा. पण कायदा करणाऱ्यांचं काकांशी बोलणं झालेलं नव्हतं.

पेट चार्ज करारात का नको, याचं काकांनी दिलेलं कारण होतं, "कशाला उगाच सरकारला पैसे घालवायचे!" मी हिशोब केला. पंधराशे गुणिले अकरा, 16,500. त्यावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, म्हणजे एक्केचाळीस रुपये पंचवीस पैसे. तेवढे वाचवायला शकू कागदावरून वगळली गेली. कागदाप्रमाणे त्या घरात कुत्री नव्हती. नसलेल्या कुत्रीचे मी दरमहा पंधराशे जीपेने पाठवत राहिलो, आणि काका दरमहा नमस्काराचे जोडलेले हात पाठवत राहिले.

राहण्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. शकू भुंकली की खालच्या आजी काठीने छत वाजवायच्या, दिवाळीत त्यांनीच तिला चकली दिली.

घर सोडायच्या दिवशी मात्र तब्येत सांभाळा. काका तिकडे असल्यामुळे पाहणीला त्यांचे मेहुणे आले, हातात टॉर्च. दिवसाढवळ्या. त्यांनी प्रत्येक दारामागे टॉर्च मारला आणि बेडरूमच्या दारापाशी 'हं' केलं. सनमायकावर एक ओरखडा होता, जमिनीपासून पाच फुटांवर. शकूची उंची दीड फूट.

"कुत्रीची नखं," मेहुणे म्हणाले.

"इतक्या वर?"

"उभी राहिली असेल."

"उभी राहिली तरी साडेतीन फूट होत नाही, साहेब."

त्यांनी शकूकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "उडी मारली असेल."

तो ओरखडा आम्ही राहायला आलो त्या दिवशीही होता. माझ्याकडे तारखेसह फोटो आहे. ताबा घेताना घराचे फोटो काढून ते त्याच दिवशी मालकांना आणि एजंटला पाठवावेत असं जाणकार सांगतात. मी पाठवलेही होते, चौतीस फोटो. काकांनी तेव्हा अंगठा उंचावून दाखवला होता. आता म्हणाले, "एवढे फोटो कोण बघत बसतं हो!"

हिशोब आला तो लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे लिहून. रंग 18,000. डीप क्लीनिंग 4,500. पेस्ट कंट्रोल 1,800. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, 'वास' 3,000. मी काकांना फोन लावला.

"काका, त्रासाचे पैसे तर मी दर महिन्याला देत होतो."

"ते राहण्याचे. हे जाण्याचे."

काकू मागून काहीतरी म्हणाल्या आणि 'वास' पंधराशेवर आला.

परवा नवीन घर शोधताना एका साइटवर तोच फ्लॅट दिसला. भाडं 28,000, आणि ठळक अक्षरांत 'पेट फ्रेंडली'. एजंटने नवे फोटो काढायचे कष्ट घेतले नव्हते. माझ्याच चौतिसांतले नऊ टाकले होते. बेडरूमचं दार होतं, पाच फुटांवरच्या ओरखड्यासकट. बाल्कनीचा फोटो सगळ्यात छान आला आहे, मागे टेकडी, आणि डाव्या कोपऱ्यात चौकटीबाहेर जाणारी एक पिवळट शेपटी.