‘सगळं सेटिंग आहे’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरून राहिलाय, इथे इंदूरला रामबागेतल्या काकांपासून ते पुण्याच्या भाच्यापर्यंत सगळ्यांचा मला पाठवून झालाय. म्हणणं थोडक्यात असं: गुगल, फेसबुक, ॲपल वगैरेंवर जे मक्तेदारीचे खटले चाललेत ते सगळं नाटक. कारण एक, या सेवा फुकट आहेत, मग लुबाडलं कोणाला. दोन, अमेरिकेच्या कोर्टाने गुगलला दोषी ठरवूनही काही केलं नाही आणि मेटा (फेसबुकची मूळ कंपनी) तर सुटलीच. तीन, हे सगळे मालक ट्रम्पच्या शपथविधीला पुढे बसले होते म्हणजे सरकार आणि कंपन्या एकच. चार, भारतात चिल्लर दंड लावून विषय संपवतात. आणि पाच, उपाय एकच, स्वदेशी ॲप वापरा. खाली लिहिलंय ‘विचार करा आणि पुढे पाठवा’. त्यातलं दुसरं काम सगळ्यांनी मनापासून केलेलं दिसतंय.

मी वकील नाही, सीएच्या ऑफिसात बसतो, कंपन्यांचे कागद वाचायची तेवढी सवय आहे. आणि आधीच सांगून टाकतो की यातला तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावरच बाकीचे चार लोकांच्या गळी उतरतात.

‘फुकट आहे, मग लुबाडलं कोणाला?’

पैसे आपण देत नाही, जाहिरात देणारा देतो. भंवरकुआंला जाऊन एखाद्या कोचिंगवाल्याला विचारा की सर्चमध्ये वर दिसायला महिन्याला किती जातात, आणि ते तो पदरचे भरतो की पोरांच्या फीमध्ये घालतो. ५ ऑगस्ट २०२४ ला वॉशिंग्टनचे जज अमित मेहता (जन्म आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पाटणचा) यांनी गुगलविरुद्ध जो निकाल दिला त्यात नेमकं हेच आहे, सर्चच्या टेक्स्ट जाहिरातींचे भाव ही कंपनी प्रतिस्पर्ध्याची भीती न बाळगता वाढवू शकत होती. त्याच खटल्यात बाहेर आलं की २०२१ या एका वर्षात गुगलने २६.३ अब्ज डॉलर वाटले, ॲपलला, फोन बनवणाऱ्यांना, ब्राउझरवाल्यांना, कशासाठी तर फोन उघडला की आपलंच सर्च समोर असावं यासाठी. २०२२ ला एकट्या ॲपलला २० अब्ज. आता जजसाहेबांनी हेही लिहिलंय बरं का की गुगलचं सर्च दर्जाने सगळ्यात चांगलं आहे, तेही खरंच आहे, मी स्वतः तेच वापरतो. पण दुसरा कोणी तितका चांगला होऊ शकला असता की नाही हे कळायलाच वाव ठेवला नाही, कारण लोक सर्च करतात तेव्हाच सर्च सुधारतं, आणि लोक येण्याचे दरवाजे आधीच विकत घेऊन ठेवलेले.

शिवाय फुकट म्हणजे काय हे आपल्याला २०१६ मध्ये एकदा कळलेलं आहे. फेसबुकचं फ्री बेसिक्स आठवतंय का, गरिबांना फुकट इंटरनेट, फक्त त्यात काय दिसेल ते फेसबुक ठरवणार? ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, वेगवेगळ्या साइटला वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली आणि ते दुकान बंद झालं. तेव्हाही लोक म्हणतच होते की फुकट मिळतंय तर तुम्हाला काय त्रास.

‘कोर्टाने दोषी ठरवलं, पुढे काय झालं?’

इथे मेसेजवाल्याने तारखाच बघितलेल्या नाहीत. गुगलच्या सर्चवरचा खटला दाखल झाला ऑक्टोबर २०२० ला, ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये. सुनावणी झाली २०२३ ला, बायडनच्या काळात, निकालही त्यांच्याच काळात. शिक्षा काय द्यायची ते ठरलं २ सप्टेंबर २०२५ ला, परत ट्रम्प. दोन पक्षांच्या सरकारांनी एकच केस पुढे नेली, आणि क्रोम विकायला लावा ही मागणी बायडनच्या न्याय विभागाने केली ती ट्रम्पच्या न्याय विभागानेही मार्च २०२५ ला कायम ठेवली. नाही म्हणाले ते सरकार नाही, जज. त्यांचं म्हणणं असं की एआय चॅटबॉट आल्यामुळे बाजार हलतोय, आणि क्रोम तोडणं हे त्या गुन्ह्याला बसणारं औषध नाही. एक्सक्लुझिव्ह करार मात्र बंद केले आणि सर्चचा काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यायला लावला. मला विचाराल तर हे कमीच पडलं, डिफॉल्टसाठी, म्हणजे फोनवर आधीपासून आपलंच सर्च असावं यासाठी, पैसे द्यायची मुभा ठेवली म्हणजे मूळ रोग तसाच ठेवला. पण कमी पडणं वेगळं आणि ‘काहीच केलं नाही’ वेगळं, आणि सेटिंग तर त्याहून वेगळं.

मेटाचं वेगळं. इन्स्टाग्राम २०१२ ला एक अब्ज डॉलरला घेतलं, व्हॉट्सॲप २०१४ ला १९ अब्जाला, तेव्हा ज्या एफटीसीने, म्हणजे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, सौदे होऊ दिले तीच एफटीसी डिसेंबर २०२० ला कोर्टात गेली की हे सौदे चुकीचे होते. झुकरबर्गचा २००८ चा ईमेलही पुराव्यात होता, स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं अशा अर्थाचा. पण १८ नोव्हेंबर २०२५ ला जज बोसबर्ग म्हणाले की मला आजचा बाजार बघायचाय, आज टिकटॉक आणि यूट्यूब समोर उभे आहेत, आज मक्तेदारी आहे हे तुम्ही सिद्ध केलं नाही. यात कट शोधायची गरज नाही भिया, उशीर झाला, सरळ उशीर.

‘शपथविधीला पुढे बसले होते’

बसले होते. २० जानेवारी २०२५, झुकरबर्ग, बेझोस, पिचाई, मस्क, सगळे. मेटा, ॲमेझॉन, गुगल यांनी सोहळ्याच्या फंडाला दहा-दहा लाख डॉलर दिले होते. यात वास येत नाही असं म्हणणारा मी नाही, येतो, आणि चांगलाच येतो. पण त्याच्यानंतर तीन महिन्यांत काय झालं ते मेसेजमध्ये नाहीये. १४ एप्रिलला मेटाचा खटला सुरू झाला आणि झुकरबर्ग साक्षीच्या पिंजऱ्यात होते, १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या जज ब्रिंकेमांनी गुगलला जाहिरात-तंत्रज्ञानाच्या बाजारातही बेकायदा मक्तेदार ठरवलं. पुढची खुर्ची मिळाली म्हणून खटला गेला नाही.

मग जवळीक कुठे कामाला येते? मला वाटतं ती घरापेक्षा बाहेर जास्त येते. सप्टेंबर २०२५ ला युरोपने गुगलला २.९५ अब्ज युरोचा दंड लावला आणि ट्रम्पनी उघड टॅरिफची, म्हणजे आयातशुल्काची, धमकी दिली. म्हणजे घरात आम्ही कान धरू, शेजाऱ्याने धरला तर बघून घेऊ. आपल्याकडचंही बघा, ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ पासून ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही होती, लोक गुगल टॅक्स म्हणायचे, ती १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकली, त्याच सुमाराला अमेरिकेशी टॅरिफची बोलणी चालली होती. हा करावरचा विषय आहे, मक्तेदारीचा नाही, पण सरकार आणि कंपनीचं नातं बघायचं असेल तर ते इथे दिसतं, शपथविधीच्या फोटोत नाही.

आणि आपलं सरकार कंपन्यांच्या खिशात आहे म्हणणाऱ्यांना मार्च २०२४ आठवत नाही का? १ मार्चला गुगलने ॲपमधल्या विक्रीवरच्या कमिशनच्या वादावरून भारत मॅट्रिमोनी, नोकरी डॉट कॉम, ९९एकर्स अशी ॲप्स प्ले स्टोअरवरून उडवली. या कंपन्यांना कोर्टात अंतरिम दिलासा मिळाला नव्हता, गुगलची बाजू कागदावर मजबूत होती. मग मंत्री अश्विनी वैष्णव म्हणाले हे चालणार नाही, बैठका झाल्या, आणि काही दिवसांत ॲप्स परत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र हे बघून बरं वाटलं नाही, कारण मंत्र्याच्या बैठकीत जे सुटतं ते मंत्र्याची मर्जी असेल तोवर सुटतं, मोठ्या ॲपवाल्याला बैठक मिळते, पोलोग्राउंडच्या बाजूला दोन खोल्यांत ॲप बनवणाऱ्या पोरांना कोण बोलावणार. त्याच महिन्यात १५ तारखेला सीसीआयने, म्हणजे आपल्या स्पर्धा आयोगाने, प्ले स्टोअरच्या बिलिंगची चौकशी लावली, खरी बातमी ती होती.

‘भारतात चिल्लर दंड’

दंडाबद्दल मेसेज बरोबर आहे, अगदी बरोबर. २० ऑक्टोबर २०२२ ला सीसीआयने अँड्रॉइडच्या केसमध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड लावला, पेपरात मोठे मथळे. आता हिशोब करा, गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट, तिचं २०२२ चं उत्पन्न साधारण २८३ अब्ज डॉलर, म्हणजे हा दंड झाला पाचेक तासांची कमाई. दुपारी जेवून झोपलात तर उठेपर्यंत वसूल. पाच दिवसांनी प्ले स्टोअरसाठी आणखी ९३६.४४ कोटी लावले, ते अपिलात, म्हणजे एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणात, मार्च २०२५ ला २१६.६९ कोटींवर आले.

पण दंडाकडे बघत बसलं की आदेश दिसत नाहीत आणि या केसेसमध्ये खरी गोष्ट आदेश असते. अँड्रॉइडची तक्रार कोणी केली होती? कोणी बडी कंपनी नाही, कायद्याच्या क्षेत्रातली तीन तरुण मंडळी. गुगल सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९ जानेवारी २०२३ ला तिथे स्थगिती मिळाली नाही, आणि आठवड्याभरात गुगलने जाहीर केलं की भारतात फोन बनवणाऱ्यांना आमची ॲप्स सुटी सुटी घेता येतील, आणि नवा फोन सुरू करताना कोणतं सर्च ठेवायचं ते ग्राहकाला निवडता येईल. नंतर मार्च २०२३ ला एनसीएलएटीने दहापैकी चार आदेश काढून टाकले, दंड आणि उरलेले ठेवले. म्हणजे जेल रोडवरून फोन घेताना जो फरक पडला तो पाच तासांच्या कमाईने नाही, त्या उरलेल्या आदेशांनी.

व्हॉट्सॲपचंही असंच. २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ छाप प्रायव्हसी पॉलिसीवरून नोव्हेंबर २०२४ ला सीसीआयने मेटाला २१३.१४ कोटी दंड लावला आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपचा डेटा मेटाच्या बाकी कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. कंपनी भांडली ती मुख्यतः त्या बंदीवरून, आणि नोव्हेंबर २०२५ ला एनसीएलएटीने दंड ठेवला, बंदी काढली. कंपनीला कशाची भीती वाटते ते यात दिसतं. (आणि हे सगळं नाटक आहे असं सांगणारा मेसेज आला कशावरून, तर व्हॉट्सॲपवरून.)

दंडही आता चिल्लर राहीलच असं नाही. २०२३ ला कायदा बदलला, दंडाची १० टक्क्यांची मर्यादा आता कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर मोजता येते. ॲपल त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली आणि त्यांच्याच अर्जात आकडा आहे, ३८ अब्ज डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नाटकात कोणी एवढं घाबरत नाही.

सीसीआयला धुवायचं असेल तर वेळेवरून धुवा. गुगल सर्चमध्ये स्वतःलाच वर दाखवते ही तक्रार २०१२ ची, निकाल फेब्रुवारी २०१८ चा, १३५.८६ कोटी. सहा वर्षांत तक्रार करणारा धंदा जगतो की मरतो कोण बघतं. म्हणून तर संसदेच्या समितीने डिसेंबर २०२२ ला सांगितलं की गुन्हा झाल्यावर नाही, आधीच नियम लावा, त्यावरून मार्च २०२४ ला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, आणि मग त्याची गाडी अडकली. मेसेज लिहिणाऱ्याला चिडायचंच होतं तर इथे जागा होती.

‘स्वदेशी वापरा, मक्तेदारी संपेल’

ऑक्टोबर २०२२ लाच सीसीआयने हॉटेल बुकिंगच्या मेकमायट्रिपला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड लावला होता, कारण ओयोला प्राधान्य द्यायचा सौदा करून ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या तिच्या प्रतिस्पर्ध्यांना मेकमायट्रिपच्या साइटवरून काढलं गेलं. ओयो परदेशी आहे का? सरवटे स्टँडच्या आसपासच्या लॉजवाल्यांना साइटवरून गायब करणारा स्वदेशी निघाला तर त्यांची खोली काय आपोआप भरते?

शिवाय स्वदेशी म्हणायचं कोणाला? २०२० ला जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी घालून ९.९९ टक्के घेतले, गुगलने ३३,७३७ कोटी घालून ७.७३ टक्के. एकाच घरात सगळे पाहुणे बसलेत. आणि यूपीआय तर आपलं, सरकारच्या पाठिंब्याचं, जगात नाव, पण वरची दोन ॲप बघा, फोनपे आणि गुगल पे, दोघांत मिळून साधारण ८० टक्के व्यवहार, त्यातल्या फोनपेत मोठा हिस्सा अमेरिकेच्या वॉलमार्टचा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० ला नियम केला की एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. मुदत ढकलली, परत ढकलली, आता ती ३१ डिसेंबर २०२६ आहे. यात ना अमेरिकेचं कोर्ट, ना ट्रम्प, नियम आपला, संस्था आपली, आणि लागू करायला वेळ मिळत नाहीये तोही आपल्यालाच.