"कॉपी आणि ओरिजिनल एकाच फॅक्टरीतले": हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गोव्यातल्या बाईकवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. म्हणे परफॉर्मन्स पार्ट (इंजिनाचा जोर वाढवायला घालतात तो) कॉपी असो की ब्रँडेड, दोन्ही एकाच फॅक्टरीतून निघतात, फक्त डबा बदलतो, आणि बारकोड 890 ने सुरू झाला, क्यूआर स्कॅन झाला, पार्ट हाताला जड लागला की डोळे झाकून घ्या. मी फोंड्याला लेथवर असतो, बोअरिंग-होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून-घासून मापाला आणणं, हे रोजचं काम, आणि हे वाचून मला खरंच राग आला, कारण याच भरवशावर घेतलेला पिस्टन गेल्या महिन्यात टेम्पोत घालून आणलेल्या बाईकमधून मी स्वतः बाहेर काढलाय.

फॅक्टरीची गोष्ट आधी घेतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. बाईक कंपनीला माल पुरवणारा कारखाना तसाच पिस्टन स्वतःच्या नावाच्या डब्यात स्वस्तात विकतो, तो बिनधास्त घ्या. पण तिथे त्याचं नाव असतं, पत्ता असतो. ज्या डब्यावर कुणाचंच नाव नाही तो माल त्याच कारखान्यातला, हे कशावरून ठरवलं? आणि पिस्टन म्हणजे नुसता साचा नव्हे, धातू कुठला, हीट ट्रीटमेंट झाली का, नापास पीस बाजूला काढले का, सगळा खेळ तिथे आहे. फोर्ज्ड (ओतलेला नव्हे, दाबून घडवलेला) म्हणून विकतायत ना, मग विचारा 2618 की 4032, ही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची नावं. 4032 मध्ये साधारण 12 टक्के सिलिकॉन असतं म्हणून तो तापल्यावर कमी फुगतो, 2618 मध्ये सिलिकॉन नावालाच, तो चिवट पण फुगतो जास्त, त्यामुळे त्याला क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, जास्त ठेवावा लागतो. चांगला बनवणारा क्लिअरन्सचा आकडा डब्यातल्या कागदावर छापून देतो. कागदच नसेल तर मी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) कितीचा करू?

आता तो पिस्टन. साखळी गावचा मुलगा, 350 सीसीची बाईक, बोअर 70 एमएम. बेळगावला निघाला होता, चोर्ला घाट चढताना पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक लॉक. मागून गाडी येत नव्हती म्हणून पोरगा वाचला. त्यानं मित्रासाठी तसाच अजून एक घेऊन ठेवलेला, डबा फोडलेला नव्हता, तो मी मागवून घेतला आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. पिस्टन डोळ्यांना गोल दिसतो पण तो गोल नसतो. पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणारी आडवी दांडी) दिशेनं थोडा कमी असतो, त्याच्या आडव्या दिशेनं जास्त, कारण पिनकडे धातू जास्त असतो आणि तापल्यावर तिकडे तो जास्त फुगतो. हा पिनकडूनही 69.94 आणि आडवाही 69.94, म्हणजे लेथवर सरळ गोल फिरवून दिलेला. सर्क्लिपच्या (पिन जागेवर धरणारी कडी) खाचेत बर, म्हणजे कातताना राहिलेली धातूची धार, तसाच, नख अडकत होतं, आणि आतून कास्टिंगसारखा, म्हणजे ओतलेल्या धातूसारखा, दाणेदार. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात फोर्ज्ड.

बारकोडचं म्हणाल तर 890 चा अर्थ एवढाच की तो नंबर जीएस1 इंडियाकडून (बारकोडचे नंबर देणारी संस्था) घेतलाय, माल कुठे बनला ते त्यातून कळत नाही, बाहेरून आणलेल्या मालावरही 890 असू शकतो. त्यापेक्षा स्टिकर वाचा. बनवणाऱ्याचं किंवा इम्पोर्टरचं नाव-पत्ता, बाहेरचा माल असेल तर देश, महिना-वर्ष, एमआरपी, हे पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे लागतंच. क्यूआर तर एका डब्याचा फोटो काढून हजार डब्यांवर छापता येतो, म्हणून स्कॅन करून जे पान उघडेल त्यावर जाऊ नका, कंपनीची साइट स्वतः टाईप करून सिरीयल नंबर तिथे टाका. आयएसओ 9001 चा शिक्काही कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळतो, तुमच्या हातातल्या पिस्टनला नाही.

आणि जड म्हणजे चांगला, हे कुणी काढलं? पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर जातो, थांबतो, खाली येतो, आरपीएम दुप्पट झाला की तो झटका चौपट होतो आणि सगळा कनेक्टिंग रॉडवर, बेअरिंगवर येतो. चांगले बनवणारे एकेक ग्रॅम कमी करायला मरतात. बाईकमधून काढलेला मूळ कंपनीचा पिस्टन पिन-रिंगसकट काट्यावर ठेवा, नवाही तसाच ठेवा, बराच जड निघाला तर बसवू नका.

बिलावर मी सगळ्यात जास्त भर देतो. त्या मुलाकडे कच्ची पावती होती, परत गेला तर दुकानदार ओळखही दाखवेना. पक्कं बिल घ्या, त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, दुकान गोव्यातलं असेल तर पहिले दोन आकडे 30 हवेत (महाराष्ट्र 27, कर्नाटक 29), आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "पिस्टन सेट" नको. देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. अजून एक, मोठा बोअर करून सीसी वाढवलात तर ती आरसीशी जुळत नाही, परवानगीशिवाय असा बदल केला तर मोटार वाहन कायद्यात मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, कैदसुद्धा होऊ शकते, हे दुकानदार सांगत नाही.

तो दुसरा पिस्टन अजून माझ्याकडे डब्यासकट आहे. मेसेज खरा वाटणाऱ्यानं फोंड्याला यावं, मायक्रोमीटर देतो, दोन्ही बाजूंनी स्वतः मोजून बघा.