योशिजिमा घरातल्या त्या तुळया
लेखात जपानमधल्या ताकायामा शहरातल्या योशिजिमा घराबद्दल वाचलं आणि तिथल्या तुळया परत डोळ्यासमोर आल्या! साके म्हणजे तांदळाची जपानी दारू बनवणाऱ्या व्यापाऱ्याचं घर हे, आगीनंतर १९०७ मध्ये परत बांधलेलं. रस्त्यावरून नुसती गडद लाकडी जाळी आणि सुगी नावाच्या जपानी देवदाराच्या डहाळ्यांचा टांगलेला गोळा, साकेवाल्याची ती पाटीच, नवा असताना हिरवा आणि मग हळूहळू तपकिरी. पण आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते, उभे खांब आडव्या तुळया सगळं उघडं, एकमेकांत गुंतत वर गेलेलं, आणि उंचावरच्या खिडकीतून उजेड त्यावर उतरतो. लेखात फोटो फक्त बाहेरचेच टाकलेत, आतला एक तरी हवा होता हो. शेजारचं कुसाकाबे घर १८७९ चं, ते पण चुकवू नका, मला मात्र योशिजिमाच जास्त भावलं.